गज

बुधवारी डॉप्लर. खोलीत एसी इतका
की जेलची बाटली मी कोमट पाण्याच्या मगात ठेवते,
तरी मानेला लावलं की माणूस दचकतोच.
लिंबाजी सोनकांबळे दचकले नाहीत.
वय एकसष्ट. पंधरा दिवसांत दोनदा
उजव्या हातातून चावी निसटली.
घराची? विचारलं.
"व्हॉल्व्हची, बाई. पाच फूट लोखंड हाय."

मान पलीकडे वळवली. उजवी बाजू आधी.
पडद्यावर करडं, दाणेदार,
मग दोन रेघा आणि मधला काळोख :
तेवढीच रक्ताची वाट.
भिंतीला एक पांढरा खडा, चुन्याचा,
मागे त्याची लांबच लांब सावली,
सावलीत काय दडलंय ते
प्रोब कसाही तिरपा केला तरी दिसेना.
खड्याला मी फारशी भीत नाही.
चुना धरलेलं जुनं असतं, बहुतेकदा गप बसतं.
त्याच्या शेजारचं वाईट,
लोण्यासारखं मऊ, रक्ताइतकंच काळं,
नुसत्या करड्यात कुणाला सापडायचं नाही.
रंग सोडला तेव्हा कळलं,
रंग तिथं शिरतच नव्हता,
कडेकडेनं चोरासारखा जात होता,
आणि पुढं लालाचा एकदम
पिवळा-हिरवा चिखल.

मग आवाज लावला.
हुश्श. हुश्श. चढ्या पट्टीत, धार लावल्यासारखा.
मिटलेले डोळे उघडून ते म्हणाले,
"हितं पाईप बारीक झालाय."
सेकंदाला दोनशे साठ सेंटिमीटर, मी टिपत होते.
डॉक्टर बिडवे अजून यायचे होते,
आणि आकड्याचा अर्थ सांगणं माझ्या कामात बसत नाही.
ते मात्र सांगतच राहिले :
रात्री दोनला, रस्ता निजला की
गजाचं एक टोक डांबरावर, एक कानाला,
लातूरभर असं ऐकत हिंडलोय तीस वर्षं,
कुठं फुटलंय, कुठं गळलालंय.
"पाणी घुसमटलं की मोठ्यानं बोलतंय.
नळीवर अंगठा दाबून बगा की."

डावी बाजू.
दाब वाढवला. कोन बदलला. पुन्हा जेल.
नुसती खरखर,
आणि शेजारच्या शिरेची ती आळशी घरघर.
धमनी होती जागेवर,
भिंती होत्या, आत काहीतरी गच्च होतं,
बोलत काहीच नव्हतं.
"बंद हाय का डावी लाईन?"
नाही हो, मशीनचा आवाज कमी ठेवलाय, मी म्हटलं.
ते हसले, पोट हललं, पडदा हलला.
"मी बी लोकाला हेच सांगतो.
पाणी येलालंय, नुसता दाब कमी हाय."

डॉक्टर आले. त्यांनाही तेच ऐकू आलं, म्हणजे काहीच नाही.
उद्या सीटी, दंडातून औषध, अंग गरम वाटेल,
सगळ्या वाटांचा नकाशा निघेल, म्हणाले.
"लाईन बंद आन् मी जिता कसा?"
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक वर्तुळ काढलं,
मेंदूच्या बुडाशी असतं ते,
एक वाट मिटली तर दुसऱ्या वाटा तिथून रक्त फिरवतात.
लिंबाजींनी चिठ्ठी लांब धरून पाहिली.
"ही तर गंजगोलाई.
सोळातला एक रस्ता खंदला तर
भाजीचा गाडा थांबतो व्हय?"
मग बोट वर्तुळावर ठेवून, जरा हळू,
"पर हे फिरवून कुणी दिलं?"
आपोआप होतं, डॉक्टर म्हणाले.
"आपोआप," ते म्हणाले, आणि बराच वेळ
स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले.

टॉवेलनं मान पुसून ते गेले.
मी टाइप केलं : डावी अंतर्गत धमनी,
प्रवाह आढळला नाही.
मगातलं पाणी गार पडलं होतं.
बाहेर ते आमच्या सुलोचनामावशींना दाखवत होते,
बेसिनच्या मागं, भिंतीच्या आत,
इथून वीतभर खाली,
मघापासून गळलालंय.